लघवीची गोळी बदलली, पथ्य मात्र जुनंच राहिलं

"माझं वय 64. बीपी आहे, शुगर 11 वर्षांपासून आहे. आधी टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवीची गोळी चालू होती. त्या गोळीनं पोटॅशियम 3.1 पर्यंत उतरलं, तेव्हा डॉक्टरांनी पोटॅशियमचं सिरप दिलं आणि केळी खा, नारळपाणी प्या म्हणाले. अडीच महिन्यांपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांनी ती गोळी बंद करून स्पायरोनोलॅक्टोन 25 मिलिग्रॅम सुरू केली. हीही लघवीचीच गोळी, म्हणून सिरप, केळी सगळं पूर्वीसारखंच चालू ठेवलं. तीन आठवड्यांपूर्वी सूनबाईंनी बीपीला चांगलं म्हणून कमी सोडियमचं मीठ आणलं. गुडघे दुखले की डायक्लोफिनॅक घेतो, आठवड्यातून तीन-चारदा. आठ दिवसांनी रक्त तपासा असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण त्रास काहीच नव्हता म्हणून राहून गेलं. गोळी सकाळी घ्यावी की रात्री, जेवणाआधी की नंतर, एखादा दिवस चुकली तर काय करावं आणि केळी खाऊ की नको, एवढं सांगावं. आणखी एक गोष्ट, लिहू की नको असं झालं होतं. महिनाभर उजव्या स्तनाग्राच्या मागे दुखतं, शर्ट घासला तरी कळ येते. घरी कुणाला सांगितलेलं नाही."

नमस्कार.

तुमचं पत्र मी निम्मं वाचून थांबलो. सिरप, ते मीठ आणि स्पायरोनोलॅक्टोन तिन्ही एकाच माणसाच्या पोटात जातंय हे कळल्यावर सदराची पाळी येईपर्यंत वाट बघण्यात अर्थ नव्हता. म्हणून त्याच दिवशी तुम्हाला दोन ओळी पाठवल्या: सिरप आणि ते मीठ आत्ता थांबवा, डॉक्टरांना आजच फोन करा, रक्ताची तपासणी उद्यावर टाकू नका. तुम्ही लगेच गेलात, बरं झालं. पोटॅशियम 5.8 निघालं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो ठीक आला. सिरप, मीठ आणि डायक्लोफिनॅक बंद झालं, गोळी चार दिवस थांबवली, पुन्हा तपासल्यावर आकडा 4.7 वर आला आणि मग अर्ध्या डोसवर गोळी परत सुरू झाली. हे सगळं तुम्ही नंतर कळवलंत आणि छापायला परवानगीही दिलीत. ती दिलीत म्हणूनच आता निवांत बोलता येतं.

तुमची चूक म्हणाल तर एवढीच, की तुम्ही आज्ञाधारक निघालात. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य तुम्ही तंतोतंत पाळलंत. पण ते पथ्य त्या जुन्या गोळीचं होतं. नव्या डॉक्टरांना सिरपचा पत्ता नव्हता, जुन्या डॉक्टरांना नव्या गोळीचा. आणि आपल्या बोलण्यात दोन्ही गोळ्यांना नाव एकच, 'लघवीची गोळी'. सगळा घोळ या नावात आहे.

मूत्रपिंडं रोज साधारण 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडलं तर बाकी सगळं परत आत घेतात. हे परत घेण्याचं काम एका लांबलचक नळीत टप्प्याटप्प्यानं चालतं. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा फ्युरोसेमाइड या गोळ्या नळीच्या अलीकडच्या टप्प्यांवर सोडियम अडवतात. ते सोडियम पुढे वाहत जातं आणि शेवटच्या वळणावर पोचतं. तिथे एक देवाणघेवाण चालते. सोडियम शरीरात घ्यायचं आणि त्या बदल्यात पोटॅशियम लघवीत सोडायचं. सोडियमची गर्दी वाढली की पोटॅशियमही जास्त जातं. तुमचं 3.1 झालं ते असं.

स्पायरोनोलॅक्टोन काम करते ती नेमकी या शेवटच्या वळणावर. ही देवाणघेवाण अल्डोस्टेरॉन नावाच्या हॉर्मोनच्या हुकमानं चालते. स्पायरोनोलॅक्टोन त्या हॉर्मोनची जागा अडवून बसते, हुकूम पोचतच नाही. सोडियम आणि पाणी बाहेर जातं, पोटॅशियम मात्र घरातच राहतं. एप्लेरेनोनचंही काम असंच. अ‍ॅमिलोराइड आणि ट्रायअ‍ॅम्टेरीन हॉर्मोनच्या वाटेला जात नाहीत, त्या सोडियम आत यायचं दारच बंद करतात, पण परिणाम तोच. पोटॅशियम वाचवणाऱ्या गोळ्या म्हणतात त्या या चार. पोटॅशियम घालवणाऱ्या गोळीसोबत सिरप लागतं. वाचवणाऱ्या गोळीसोबत तेच सिरप दिलं तर पाणी तुंबतं तसं पोटॅशियम तुंबतं.

तुमच्या बाबतीत तर एकाच दिशेनं ढकलणारे पाच जण एकत्र आले होते. सिरप आणि मीठ बाहेरून पोटॅशियम आणत होते. स्पायरोनोलॅक्टोन ते बाहेर जाऊ देत नव्हती. टेल्मिसार्टनही मुळात अल्डोस्टेरॉन कमी करते, म्हणजे तीही त्याच बाजूची. डायक्लोफिनॅकमुळे मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी होतं, गाळणी मंदावते. वर जुनी शुगर, जिच्यामुळे हा हिशेब मुळातच जरा कच्चा असतो. यातली टेल्मिसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन ही जोडी डॉक्टर जाणूनबुजून देतात, आणि देणं बरोबरही आहे. तीन औषधांनी बीपी आटोक्यात येत नसेल तर चौथं म्हणून स्पायरोनोलॅक्टोनची छोटी मात्रा चांगली लागू पडते, हे 2015 साली नीट तुलना करून दाखवलं गेलं आहे. फक्त ती जोडी रक्ततपासणीच्या भरवशावर दिलेली असते. तपासणी गाळली की भरवसा गेला.

या तपासणीमागे एक इतिहास आहे. 1999 मध्ये हृदयाचं पंपिंग फार कमी झालेल्या 1663 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमीच्या औषधांत स्पायरोनोलॅक्टोनची भर घातल्यावर मृत्यू 30 टक्क्यांनी कमी झाले होते. मोठी बातमी होती ती. जुनी, साधी गोळी रातोरात सगळ्यांच्या चिठ्ठीवर आली. पुढे कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या डॉक्टरांनी आपल्याकडचे आकडे काढले. हृदयाच्या अशाच आजारासाठी दवाखान्यात राहून आलेल्या, आधीच बीपीच्या एका विशिष्ट गटातलं औषध घेणाऱ्या वृद्ध रुग्णांमध्ये 1994 साली हजारी 34 जणांना ही गोळी दिली जात होती. 2001 च्या अखेरीला ते प्रमाण 149 झालं. आणि पोटॅशियम वाढल्यामुळे दवाखान्यात दाखल व्हायचं प्रमाण हजारी 2.4 वरून 11 वर गेलं. अभ्यासातल्या रुग्णांचं रक्त ठरल्या दिवशी तपासलं जात होतं, डोस त्याप्रमाणे कमी-जास्त केला जात होता. बाहेरच्या जगात गोळी तेवढी पोचली, तपासणी मागे राहिली.

तुम्ही लिहिलंत, त्रास काहीच नव्हता. नसतोच, म्हणून तर रक्त काढावं लागतं. शरीरातलं 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्तात असतं ते उरलेलं चिमूटभर, आणि ते 3.5 ते 5 च्या दरम्यान राहावं लागतं. हृदयाचा प्रत्येक ठोका या आतल्या-बाहेरच्या फरकावर चालतो. 5.8 ला माणूस जिना चढतो, पेपर वाचतो, गप्पा मारतो. काहींना पायांत जीव नसल्यासारखं वाटतं, हातापायांना मुंग्या येतात, मळमळतं. अनेकांना पहिली जाणीवच छातीत ठोके चुकल्याची होते, आणि ती फार उशिराची जाणीव असते. म्हणून पाय एकाएकी लुळे वाटले, नाडी फार मंद किंवा वेडीवाकडी चालली, चक्कर येऊन पडलात, तर सदराला पत्र लिहू नका आणि डॉक्टरांच्या फोनचीही वाट बघू नका. सरळ दवाखान्याच्या तातडीच्या विभागात जा आणि पहिल्या वाक्यात गोळीचं नाव सांगा. त्या नावावरून समोरच्या डॉक्टरांना काय शोधायचं ते कळतं.

तपासणी कधी करायची? सुरुवातीला किंवा डोस बदलल्यावर साधारण आठवड्याभरात एकदा, महिन्यानं पुन्हा, मग पहिले काही महिने थोड्या थोड्या अंतरानं, आणि सगळं स्थिर झालं की तीन-चार महिन्यांनी. तुमचं वय, शुगर आणि नुकताच झालेला प्रकार पाहता तुमचे डॉक्टर यापेक्षा लवकर बोलावतील, तर कुरकुर करू नका. पोटॅशियमसोबत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं किती नीट चालतात ते सांगणारा आकडा, आणि सोडियमही बघतात. या गोळीनं सोडियम उतरू शकतं, आणि उतरलं की माणूस सुस्त होतो, गोंधळतो. घरच्यांना वाटतं वय झालं.

रक्त देताना एक लक्षात ठेवा. दंडाला पट्टा बांधून 'मूठ उघडा, बंद करा' असं दहा वेळा करायला लावलं, किंवा शीर सापडेना म्हणून पट्टा बराच वेळ आवळून ठेवला, तर स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि आकडा खोटाच चढा येतो. नळीत तांबड्या पेशी फुटल्या तरी तसंच होतं. त्यामुळे अनपेक्षित चढा आकडा आला तर डॉक्टर कधी कधी पुन्हा नमुना घ्यायला लावतात. मूठ हलवायची नाही, नुसता हात सैल सोडायचा. मात्र रिपोर्ट खोटा असेल असं आपणच ठरवून घरी बसायचं नाही. ते ठरवणं डॉक्टरांचं.

आता मीठ. सूनबाईंवर रागावला असाल तर तो राग सोडा. त्यांनी बहुतेक घरांसाठी योग्य तेच केलं. 2021 मध्ये चीनमधल्या 600 खेड्यांतल्या जवळपास 21 हजार लोकांवरच्या अभ्यासात अशा मिठानं पक्षाघाताचं प्रमाण कमी झालेलं दिसलं. पण त्या अभ्यासात माणसं निवडतानाच पोटॅशियम वाचवणारी गोळी घेणाऱ्यांना आणि मूत्रपिंडाचा गंभीर आजार असणाऱ्यांना वगळलं होतं. हे बातमीत कुणी सांगत नाही आणि पाकिटावर असलंच तर मुंगीच्या अक्षरात असतं. कमी सोडियमच्या मिठात सोडियम क्लोराइडच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, काहींत थोडं, काहींत जवळजवळ सगळंच. पोटॅशियम क्लोराइडच्या वजनात 52 टक्के पोटॅशियम असतं. म्हणजे एका ग्रॅममध्ये 500 मिलिग्रॅमच्या वर. मध्यम आकाराच्या केळ्यात साधारण 400. आणि ग्रॅमभर मीठ दिवसभराच्या जेवणात कुठे पडलं ते आठवतही नाही. पाकीट उलटं करून घटक वाचा. 'पोटॅशियम क्लोराइड' हा शब्द दिसला की ते तुमच्या ताटात नको. साधं मीठच वापरा, पण कमी. चवीसाठी लिंबू, मिरी, आलं, लसूण आहेच.

म्हणजे केळी खायची की नाही? खा, बेतानं. मला एक गंमत नेहमी दिसते. लोक केळ्याला विषासारखं घाबरतात आणि त्याच वेळी सिरपचं माप भरून घेतात. तुमच्या सिरपवर 15 मिलिलिटरमध्ये 20 मिलिइक्विव्हॅलंट असं लिहिलेलं तुम्ही कळवलंत. ते जवळपास 780 मिलिग्रॅम होतं, एका मापात दोन केळी. शिवाय केळं चावून सावकाश पोटात जातं, सिरप मात्र थेट. अन्नातलं पोटॅशियम मूत्रपिंडं ठीक असताना सहसा माणसाला पाडत नाही. आकडा 4.7 असताना दिवसाला एक केळं, नेहमीची भाजी, एखादा टोमॅटो याला हरकत असायचं कारण मला दिसत नाही, तरी डॉक्टरांनी तुमच्या क्रिएटिनिनकडे बघून वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका. थांबवायचं ते औषध म्हणून खाल्लेलं: रोजचं नारळपाणी, मोठे पेले भरून संत्र्याचा रस, 'शक्तीसाठी' म्हणून पालकाचे रस, दिवसाला तीन केळी. पूर्वी ते उपचार होते, आता ओझं आहे. बटाटा आवडत असेल तर सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी ओतून द्या, बरंचसं पोटॅशियम पाण्यासोबत जातं.

वेळेचं विचारलंत. सकाळी, नाश्त्यानंतर. लघवीची गोळी रात्री घेतली तर अंधारात उठून चाचपडत जावं लागतं आणि या वयात पडणं हे वेगळंच दुखणं होतं. जेवणासोबत घेतली तर स्पायरोनोलॅक्टोन रक्तात बरीच जास्त उतरते, पोटालाही सोसते. त्यामुळे कधी उपाशीपोटी, कधी भरल्या पोटी असं करू नका, रोज एकच रीत धरा. आणि लगेच फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. ही सावकाश चालणारी गोळी आहे. लघवीवरचा परिणाम दिसायलाच दोन-तीन दिवस जातात, बीपीवरचा पूर्ण परिणाम काही आठवड्यांत. बंद केल्यावरही दोन-तीन दिवस तिचा अंमल राहतो.

याच कारणानं एखादा दिवस चुकला तर घाबरायचं नाही. दुपारी आठवलं तर दुपारी घ्या. थेट दुसऱ्या दिवशीच आठवलं तर त्या दिवसाची एकच घ्या. कालची भरपाई म्हणून दोन गोळ्या कधीही नाहीत. मी आठवड्याच्या सात खणांची गोळ्यांची डबी सुचवतो. बुधवारचा खण रिकामा आहे की भरलेला हे डोळ्यांना दिसतं, 'घेतली होती बहुतेक' हा वाद संपतो. तुम्हाला आता अर्धी गोळी सांगितली आहे, तर गोळी मोडायचं कटर वापरा, दातांनी किंवा सुरीनं नको. आणि मध्ये खाच नसेल तर मोडण्याआधी फार्मासिस्टला दाखवा.

उलट्या, जुलाब किंवा सडकून ताप आला आणि खाणंपिणं सुटलं, तर ही गोळी तशीच रेटू नका. शरीरातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडं मंदावतात आणि पोटॅशियम झपाट्यानं चढतं. त्या दिवशी सकाळची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा. बहुधा ही आणि टेल्मिसार्टन दोन-तीन दिवस थांबवायला सांगतील आणि नीट खाऊपिऊ लागलात की परत सुरू करतील. हे पुढच्या भेटीत आधीच विचारून कागदावर लिहून घ्या, तापात फणफणत असताना नंबर शोधणं होत नाही. ओआरएसमध्येही पोटॅशियम असतं. जुलाबात ते गरजेचंच असतं, पण किती प्यायचं ते त्याच फोनवर विचारा.

गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणि त्यांची सगळी भावंडं तुमच्यासाठी बंद समजा. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून, ठरल्या मात्रेत चालतं. लावायचं मलम पोटात घेतलेल्या गोळीपेक्षा पुष्कळ कमी रक्तात जातं, तरी आधी सांगा. आणखी एका औषधाचं नाव लिहून ठेवा: को-ट्रायमॉक्सॅझोल. लघवीच्या जंतुसंसर्गावर सर्रास देतात. त्यातला ट्रायमेथोप्रिम हा घटक मूत्रपिंडात अ‍ॅमिलोराइडसारखाच वागतो, म्हणजे तोही पोटॅशियम अडवतो. लघवीची जळजळ घेऊन तुम्ही तिसऱ्याच डॉक्टरांकडे गेलात आणि या गोळीबद्दल बोलला नाहीत, तर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. लिथियम, डिगॉक्सिन, हेपॅरिन, अवयवरोपणानंतरची औषधं घेणाऱ्या वाचकांनीही स्पायरोनोलॅक्टोनचा उल्लेख न विसरता करावा. ज्येष्ठमध नेमकं उलटं वागतं, अल्डोस्टेरॉनसारखं. बीपी चढवतं, पोटॅशियम उतरवतं. ते रोज चघळायची सवय असेल तर तेही सांगायचं.

यासाठी मी एक साधा प्रकार करायला सांगतो. घरातल्या सगळ्या स्ट्रिप, बाटल्या, पुड्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता. यादी नको, पिशवीच. यादीत माणूस सिरप लिहीत नाही, कारण ते त्याला औषध वाटत नाही, मीठ तर नाहीच नाही. स्ट्रिपची मागची बाजू वाचायची सवय लावा. ठळक अक्षरात कंपनीनं ठेवलेलं नाव असतं, खऱ्या औषधाचं नाव त्याखाली बारीक. पुष्कळ गोळ्यांत दोन औषधं एकत्र असतात, स्पायरोनोलॅक्टोनसोबत फ्युरोसेमाइड किंवा टोर्सेमाइड, अ‍ॅमिलोराइडसोबत दुसरी लघवीची गोळी. दोन वेगळ्या नावांच्या स्ट्रिपमध्ये एकच औषध दोनदा निघालेलं मी पाहिलं आहे.

आणि मीही यातून सुटलेलो नाही. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही, पण नजर ठेवणं हे माझंच काम. बऱ्याच वर्षांपूर्वी एका आजींच्या दोन चिठ्ठ्या आल्या, दोन डॉक्टरांच्या. एकीवर स्पायरोनोलॅक्टोन, दुसरीवर पोटॅशियमचं सिरप. गर्दी होती. मी दोन्ही काढून एकाच पिशवीत घातलं, पैसे घेतले, पुढच्या माणसाकडे वळलो. रात्री बिलं लावताना दोन्ही नावं एकाखाली एक दिसली आणि घाम फुटला. बिलावर फोन नंबर होता म्हणून निभावलं. आजींनी सिरपचं सील अजून फोडलं नव्हतं. तेव्हापासून सिरप देताना मी 'सोबत दुसरी कुठली लघवीची गोळी?' असं विचारल्याशिवाय बाटली हातात देत नाही. लोकांना ते आगाऊपणाचं वाटतं. वाटू दे.

आता तुम्ही शेवटी, लाजत लिहिलेलं. ते लिहिलंत हे फार चांगलं केलंत. हे या गोळीचं ओळखीचं लक्षण आहे. स्पायरोनोलॅक्टोनची ठेवण स्टेरॉइडसारखी, त्यामुळे ती अल्डोस्टेरॉनची जागा अडवताना पुरुष हॉर्मोनचीही थोडी जागा अडवते. 1999 च्या त्याच अभ्यासात गोळी घेणाऱ्या पुरुषांपैकी 10 टक्क्यांना स्तन वाढणं किंवा दुखणं झालं, गोळी नसलेल्यांत 1 टक्क्याला. काहींची कामेच्छा कमी होते, बायकांची पाळी पुढे-मागे होते. यात तुमच्या पुरुषत्वाचा किंवा वागण्याचा काही संबंध नाही. डोस कमी केला किंवा गोळी बदलली की बहुतेकांचं ओसरतं, थोडा वेळ लागतो. एप्लेरेनोनमध्ये हा त्रास बराच कमी असतो. मात्र दुखणं एकाच बाजूला आहे, म्हणून डॉक्टरांनी एकदा हात लावून तपासायला हवं. गोळीनंच झालं असेल असं मी इथून म्हणू शकतो, तपासल्याशिवाय तसं गृहीत धरू शकत नाही. गाठ टणक लागत असेल, कातडी ओढल्यासारखी दिसत असेल, स्तनाग्रातून पाणी किंवा रक्त येत असेल तर याच आठवड्यात जा. आणि घरी सांगा. महिनाभरात शर्टाची कळ लपवण्यात जेवढी मेहनत गेली असेल, त्यापेक्षा ते सोपं आहे.

पुरळ किंवा नको असलेल्या केसांसाठी हीच गोळी घेणाऱ्या तरुण मुलींची पत्रंही मधूनमधून येतात. त्यांच्यासाठी एकच: गर्भ राहण्याची शक्यता असेल तर ही गोळी डॉक्टरांशी स्पष्ट बोलल्याशिवाय घेऊ नका, मुलग्याच्या गर्भाच्या वाढीवर तिचा परिणाम होऊ शकतो. बाकीचं कधीतरी वेगळं लिहीन.

तुमच्या दुसऱ्या मेसेजमध्ये एक प्रश्न होता, सिरपची अर्धी बाटली उरली आहे, महाग वस्तू, मिसेसना पायात गोळे येतात तर त्यांना द्यावी का. नाही. त्यांच्या पायातले गोळे पोटॅशियम कमी झाल्यामुळेच येतात असं कुणी तपासलेलं नाही, आणि त्याही बीपीची गोळी घेतात असं तुम्हीच लिहिलं आहे. कुठली, ते लिहिलेलं नाही. बाटली मोरीत ओतू नका, फडताळात परतही ठेवू नका. पुढच्या वेळी औषधं आणायला जाल तेव्हा काउंटरवर ठेवा आणि नष्ट करायला घेता का विचारा. आणि जाताना मिसेसची स्ट्रिपही सोबत न्या.